गोळा, शंभर मीटर आणि सोळाशे : एकाच मांडीला तीन कामं

पोलीस भरती निघणार अशी नुसती कुणकुण लागली की आमच्या लॅबमध्ये ती पेपरच्या आधी कळते. पोरं येतात पाय फाकवून चालत, खुर्चीवर बसताना दोन्ही हात टेकवून हळूच बूड टेकवतात आणि तोंडातून "आय आय आय" निघतं. आलेले असतात वेगळ्याच कामाला, कोणाला ताप, कोणाच्या घरच्यांनी फुल बॉडी पॅकेज घेतलं म्हणून चल तुझंही रक्त देऊन टाक. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट गेला की पाच मिनिटांत फोन. एसजीओटी वाढलेलं, तेही ठळक अक्षरात. "भाऊ, मनं लिवर गयं का?"

लिव्हर बहुतेक वेळा जागेवरच असतं, वाट लागलेली असते मांडीची. एसजीओटी हे एन्झाइम लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूतही भरपूर असतं, एसजीपीटीसुद्धा थोडंफार असतंच, आणि सवय नसताना माणसानं एकदम दोनशे बैठका मारल्या की स्नायूच्या तंतूंची आवरणं जागोजागी फाटतात नि आतलं सगळं रक्तात उतरतं. २००८ साली यावर एक छान अभ्यास आला होता, पंधरा धडधाकट पुरुष घेतले, वजनं उचलायची सवय नसलेले, त्यांच्याकडून तासभर वजनांचा व्यायाम करून घेतला आणि मग पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी, सीपीके (हे मुख्यतः स्नायूतलं एन्झाइम) सगळं आठवडाभर वरच. जीजीटी आणि बिलिरुबिन, म्हणजे लिव्हर बिघडलं की वाढणारे आकडे, मात्र जिथल्या तिथं. म्हणून मी पोरांना फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो, चार-पाच दिवसांत काय केलं होतं? मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, निदान करायचं काम माझं नाही, ते डॉक्टरांकडेच जाऊन करायचं. पण हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही आणि बऱ्याच वेळा कोणी विचारतच नाही.

उत्तर जवळपास ठरलेलं असतं, "काही नाही भाऊ, व्यायाम केला." आता व्यायाम केला म्हणजे नेमकं काय केलं? कारण मांडीच्या स्नायूला "व्यायाम" नावाचं काही कळत नाही. त्याला कळतं किती ओढलं गेलं, किती वेळ, किती जोरात, लांब होताना की आखडताना, आणि मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला का. जे मागाल त्याचीच तयारी तो करतो, बाकीचं सोडून देतो. हे एवढं कळलं ना की अर्धी जिम आणि आमच्या जळगावचा अर्धा मेहरूण ट्रॅक वेगळाच दिसायला लागतो.

भरतीचंच घ्या. मैदानी ५० मार्कांची, त्यात पुरुषांना १६०० मीटर धावणं २० मार्कांना, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मुलींना सोळाशेच्या जागी ८०० मीटर. गोळा पुरुषांचा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. ज्यानं कोणी हे तीन प्रकार एकत्र ठेवले त्यानं मुद्दाम ठेवले का माहीत नाही, पण स्नायूच्या दृष्टीनं ह्या तीन वेगवेगळ्या परीक्षा आहेत, आणि एकीचा अभ्यास दुसरीला फारसा उपयोगी पडत नाही, कधी कधी तर आडवाच येतो.

आता थोडं आतलं सांगतो, कंटाळा येईल पण वाचा. आपल्या अंगात सहाशेच्या वर स्नायू आहेत हाडांना जोडलेले, तरुण पुरुषाच्या वजनात साधारण चाळीस टक्के वाटा त्यांचाच. प्रत्येक स्नायू म्हणजे हजारो तंतू, आणि तंतू मुख्यतः दोन जातीचे, एक संथ आणि एक जलद. गावरान कोंबडी घरी कापलेली ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको, तंगडी काळपट लाल असते आणि छाती पांढरी. दिवसभर उकिरडा उकरत फिरते ती पायांवर, म्हणून पायात संथ तंतू, ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन भरपूर, त्याचाच तो लाल रंग. छातीचा स्नायू पंख फडफडवून एकदा भिंतीवर चढायला, दोन-तीन सेकंदांचं काम, तिथं जलद तंतू. माणसात अशी स्वच्छ वाटणी नसते, एकाच मांडीत दोन्ही मिसळलेले असतात, सर्वसाधारण माणसात निम्मे-निम्मे धरा. कसलेल्या मॅरेथॉनवाल्यांच्या पायात संथ तंतू सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत सापडतात आणि शंभर मीटरवाल्यांत उलटं. यातला बराच भाग आईबापाकडून आलेला असतो, हे कोणताही क्लासवाला फी घेताना सांगत नाही.

तर शंभर मीटर. बारा-तेरा सेकंदांचा खेळ. एवढ्यात फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन मांडीपर्यंत पोचवून त्याच्यावर ऊर्जा बनवणं फारसं जमत नाही, स्नायू आधी साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट उडवतो, ते आठ-दहा सेकंदांत आटतं, आणि सोबतीला साखर ऑक्सिजनशिवायच फोडतो. सोळाशे मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात, तिथं बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवरच येते. आणि गोळा तर एका सेकंदाच्या आतला प्रकार, दम लागायचा प्रश्नच नाही, जास्तीत जास्त तंतू एकाच क्षणी कामाला लागले पाहिजेत, बस.

पोरं काय करतात? सगळे पळतात. पहाटे साडेचारला उठून, कारण आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये नंतर पळणं म्हणजे जीव द्यायचा प्रकार, ४४-४५ डिग्रीत कोण पळणार. रोज पाच किलोमीटर, रोज त्याच स्पीडनं, रोज त्याच रस्त्यानं. यानं काय होतं ते १९६७ मध्येच अमेरिकेत जॉन होलोझी नावाच्या माणसानं दाखवलं, उंदरांना पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे पळवलं, रोजचा वेळ हळूहळू वाढवत दोन तासांपर्यंत नेला, आणि त्यांच्या पायाच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरायची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे कण, शाळेत आकृती काढलेली असते. त्याच्या आधी लोक समजायचे की पळून फक्त हृदय नि फुप्फुसं सुधारतात. तर तसं नाही, स्नायू स्वतः बदलतो, त्याच्या तंतूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, चरबी जाळायची क्षमता वाढते, साखर पुरवून पुरवून वापरतो. जाड मात्र होत नाही फारसा. का व्हावा? जाड तंतूत ऑक्सिजनला आत जायला लांब पडतं, लांब पळणाऱ्याला बारीक तंतूच सोयीचा.

मग गोळा टाकायच्या दिवशी तोच पोरगा, सोळाशेत पुढं असलेला, गोळा फेकतो आणि तो पायाजवळच पडल्यासारखा वाटतो. आणि जिमवाला पोरगा, ज्याचे दंड टी-शर्टमध्ये मावत नाहीत, तो गोळा बरा टाकतो पण सोळाशेच्या तिसऱ्या राउंडला कमरेवर हात ठेवून चालतोय. दोघंही म्हणतात नशीब. नशीब कसलं भो, जे मागितलं ते मिळालं.

वजनाच्या व्यायामाचं एक गमतीशीर आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पोरगा सांगतो वीस किलोवरून पस्तीसवर गेलो, आणि टेपनं दंड मोजला तर तेवढाच. हे खोटं नसतं. १९७९ मध्ये मोरितानी आणि डेव्हरीज या दोघांनी दाखवलं की सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेतून येते, मेंदू जास्त तंतूंना एकदम आवाज द्यायला शिकतो, समोरचा विरोधी स्नायू ढिला सोडायला शिकतो. तंतू जाड व्हायचं काम नंतर दिसतं. आणि जाड होतो म्हणजे नवीन तंतू फारसे तयार होत नाहीत, आहे त्याच तंतूत ॲक्टिन-मायोसिनच्या, म्हणजे स्नायू आखडवणाऱ्या प्रथिनांच्या, दोऱ्या वाढतात. तंतूच्या कडेला चिकटलेल्या सॅटेलाइट पेशी असतात, १९६१ ला ॲलेक्झांडर मॉरो यांनी सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा ओळखल्या, त्या जाग्या होऊन आपली केंद्रकं तंतूला देतात, दुरुस्तीला आणि वाढीला.

इथं जिममधल्या वादात पडतो जरा. जड वजन कमी वेळा की हलकं वजन जास्त वेळा? आखाड्यातले वस्ताद म्हणणार जोर-बैठका, हजार मारा, वजनं कशाला पाहिजेत. जिमवाला म्हणणार वजनाशिवाय काही होत नाही. २०१२ ला कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत पोरांकडून एका पायानं जड वजन आणि दुसऱ्यानं हलकं, म्हणजे जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या तीस टक्के, असा व्यायाम करून घेतला, अट एकच की प्रत्येक सेट पाय उचलेनासा होईपर्यंत. दहा आठवड्यांनी मांडीची जाडी दोन्हीकडे सारखीच वाढली. ताकद मात्र जड वजनवाल्या पायाची जास्त. म्हणजे वस्तादही बरोबर आणि जिमवालाही, फक्त दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल भांडतायत. बैठकांनी मांडी भरेल, दमही येईल, पण एका झटक्यात समोरच्याला उचलून टाकायचं तर जड ओढावंच लागतं. कुस्तीत तर सगळंच लागतं, धरून ठेवायला न हलता ताण, डाव मारायला स्फोट, आणि दोन्ही राउंड संपेपर्यंत दम. आपल्या चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, त्याची मेहनत एका प्रकारची असेल असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा कोणत्याही आखाड्यात पहाटे जाऊन नुसतं बसावं, जोर, बैठका, दोर चढणं, माती उकरणं, मग लढती, मग पळणं.

पण मग सगळं एकत्र केलं की सगळं मिळतं का? भरतीवाल्यांचा खरा प्रश्न हा आहे. १९८० ला रॉबर्ट हिक्सन यांनी तीन गट केले, एक फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, एक दोन्ही करणारा, दहा आठवडे. फक्त ताकदवाल्यांची ताकद शेवटपर्यंत वाढत राहिली. दोन्ही करणाऱ्यांची सहा-सात आठवडे त्यांच्याबरोबरीनं वाढली, मग अडकली, आणि शेवटी थोडी उतरली. दम मात्र दोन्ही करणाऱ्यांचाही छान वाढला. म्हणजे नुकसान झालं ते ताकदीचं, दमाचं नाही. ते लोक आठवड्यातले बहुतेक दिवस दोन्ही करत होते आणि पळणंही जोरदार होतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पुढच्या अभ्यासांत हा अडथळा इतका मोठा दिसत नाही, विशेषतः दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर असलं आणि खाणं पोटभर असलं तर. स्फोटक ताकदीला मात्र जास्त झळ बसते, आणि शंभर मीटर नि गोळा म्हणजे तीच. म्हणून पोरांनो, रोजची पाच किलोमीटरची ती एकसुरी रपेट कमी करा. आठवड्यात दोन दिवस पाय-पाठीची जड वजनं, एक-दोन दिवस चारशे मीटरचे तुकडे जोरात नि मध्ये विश्रांती, एक दिवस छोट्या स्प्रिंट पूर्ण ताजेतवाने असताना, बाकी आरामात पळणं. गोळ्याचं तंत्र वेगळं, ते शिकवणाऱ्याकडून शिका, रील बघून नाही.

आता दुखण्याकडे येतो, कारण मला खरं तर याच्यावरच लिहायचं होतं.

चैत्रात आमच्याकडून, म्हणजे जळगाव-धुळ्याकडून, सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांच्या दिंड्याच्या दिंड्या निघतात. रस्त्यानं भगवे झेंडे, डीजे, सरबताचे स्टॉल, टाचांना फोड आलेले लोक. आमच्या गल्लीतले बरेच जण जातात. आल्यावर गंमत बघा, कोणीच म्हणत नाही की चढताना मेलो. चढताना धाप लागते, घाम निघतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी आवळून येते ती उतरल्यामुळे. गडावरच्या त्या पाचशेक पायऱ्या उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणात असतानाच लांब होत असतो, शरीराला ब्रेक लावत. पायरीवर पाय टेकला की गुडघा वाकतो, आणि तो धाडकन वाकू नये म्हणून स्नायू ओढून धरतो पण हळूहळू सोडतोही. अशा कामात दम कमी लागतो, ऊर्जा कमी जाते, म्हणून माणूस बोलत-हसत उतरतो, पण प्रत्येक तंतूवर ताण जास्त पडतो नि आतली बारीक रचना विस्कटते. मग सूज, आणि चोवीस ते बहात्तर तासांनी कळस. थिओडोर हाऊ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच म्हटलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आतल्या फाटाफुटीचं आहे. तरी आजही जिममध्ये सांगतात "लॅक्टिक ॲसिड साठलंय". ते तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून निवळून जातं, तिसऱ्या दिवशी कुठून दुखवेल? ही लॅक्टिक ॲसिडची गोष्ट मरायला तयारच नाही.

एक चांगली बाजू आहे. एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे, कधी कधी महिने, तेच काम तितकं दुखवत नाही, स्नायू सावध झालेला असतो. त्यामुळे वणीला, म्हणजे सप्तशृंगीला, जायच्या आधी पंधरा-वीस दिवस कुठंही, अपार्टमेंटचे जिने असू द्या नाहीतर पाटणादेवीची टेकडी, थोडं थोडं उतरायचा सराव करून ठेवा. चढायला लिफ्ट घेतली तरी चालेल, उतरा पायी. लोक नेमकं उलटं करतात.

आणि वाईट बाजू. मागे एक पोरगा आला, एका जिममध्ये पहिल्याच दिवशी कोचनं उशिरा आला म्हणून पाचशे बैठका मारायला लावल्या होत्या, जिमचं नाव घेत नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या लघवीचा रंग बिनदुधाच्या चहासारखा. पट्टी बुडवली तर रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला, आणि स्लाइड लावून बघितलं तर लाल पेशी एकही नाही. पट्टीला रक्त दिसतंय, सूक्ष्मदर्शकाला नाही, म्हणजे ते रक्त नव्हतंच, स्नायूतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडातून गळत होतं. सीपीके नॉर्मल साधारण दोनशेच्या आत असतं, याचं इतकं वर गेलेलं की मशीननं सीरम पातळ करून पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन केला, ॲडमिट, सलाईनवर सलाईन, वाचलं पोरगं, किडनीही वाचली. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि उन्हाळ्यात, पाणी कमी पिऊन, सवय नसताना, अतिरेक केला की धडधाकट माणसालाही होतं. शिक्षा म्हणून बैठका मारायला लावणाऱ्यांनी, शाळेत असो की जिममध्ये, हे वाक्य परत वाचा. लघवी गडद झाली, मांडी टणक सुजली की घरी तेल लावत बसू नका, डायरेक्ट दवाखाना.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. रावेर-सावद्याकडं केळीची काढणी बघितलीय का कधी? वीसेक किलोचा घड, डोक्यावर कापडाची चुंबळ, बागेतल्या ओल्या मातीतून, वाफ्याच्या कडेनं ट्रकपर्यंत. दिवसभर. मान, खांदे, पाठ न हलता ताणात, खाली पाय चालू. हे काम करणाऱ्या माणसाचे हात बघा, सुतळीसारखे. जिमवाल्या पोरांना वाटतं याच्यात ताकद नसेल, एकदा घड उचलून दोनशे पावलं चाला म्हणावं. मग त्याचे स्नायू फुगलेले का नाहीत? एक तर खाणं, आणि दुसरं म्हणजे घडाचं वजन वर्षानुवर्षं तेवढंच आहे. स्नायू सुरुवातीला बदलला, त्या कामापुरता तयार झाला, आणि थांबला. त्याला त्याच्यापुढं कोणी काही मागितलंच नाही. रोज तीच दहा किलोची डंबेल्स उचलून "बॉडी बनत नाही भाऊ" म्हणणाऱ्यांचंही हेच दुखणं आहे, त्यांना फक्त मजुरी मिळत नाही.

मुलींबद्दल एक लिहायचं राहतंय. भरतीला मुली भरपूर येतात आता, आणि आयांची भीती एकच, वजनं उचलली तर पोरगी पुरुषासारखी दिसेल. नाही दिसत. टक्क्यात पाहिलं तर ताकद मुलामुलींत सारखीच वाढते, पण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी असल्यामुळे आकार तसा फुगत नाही. मुलींचा खरा अडथळा मला रिपोर्टमध्ये दिसतो, हिमोग्लोबिन नऊ, साडेनऊ. देशाच्या आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया निघाला होता. रक्तात लोह नाही तर ऑक्सिजन पोचत नाही, आणि लोह मायोग्लोबिनलाही लागतं, मायटोकॉन्ड्रियालाही. आठशे मीटरला दम लागतोय म्हणून कोच अजून पळवतोय आणि पोरगी अजून थकतेय. आधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची साधी तपासणी, करा. माझ्याकडंच करा असं म्हणत नाही, कुठंही करा.

खाण्यावर जास्त लांबण लावत नाही. डब्याची पावडर हप्त्यावर घेणारी पोरं बघितली की वाईट वाटतं. साध्या माणसाला आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबानं दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं, वजनं उचलणाऱ्याला १.६ पर्यंत फायदा दिसतो, त्याच्या वर गेलं की फारसा नाही. साठ किलोच्या पोराला शंभरेक ग्रॅम. आपली कळण्याची भाकरी याच्यात भारी आहे, ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक गरजेचा घटक) कमी आणि उडदात भरपूर, दोन्ही एकत्र दळले की एकमेकांची उणीव भरतात. जोडीला दूध, अंडी, शेंगदाणे, फौजदारी डाळ. शेवभाजीनं होणार नाही, कितीही आवडत असली तरी, तर्री प्रथिनात मोजत नाहीत.

शेवटी मेहरूणवाले काका लोक. सकाळी तलावाभोवती चालणारे, ट्रॅकसूट, कानात हरिपाठ. चालतात ते चांगलंच आहे, आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो, त्याच्या भिंतीवर ग्लुट-४ नावाची दारं आपोआप येतात, म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी पीपी शुगरला फरक दिसतो. पण चालण्यानं संथ तंतू वापरले जातात, आणि वयानुसार जास्त आटतात ते जलद. तिशीनंतर दर दहा वर्षांना तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतो, साठीनंतर वेग वाढतो. पाय अडखळला की झटकन सावरायला जलद तंतूच लागतात, ते नसले की माणूस पडतो, आणि मग खुब्याचं ऑपरेशन. आमच्या शेजारचे आप्पा रोज चालतात, पण पाटावरून उठायला भिंत धरतात. त्यांना म्हटलं आप्पा, खुर्चीवरून हात न लावता दहादा उठा-बसा, दिवसातून तीनदा, जमलं की पोटाशी पाच किलो पिठाची पिशवी धरून. ते म्हणे, "या वयमा बैठका काढू का आते मी?" १९९० मध्ये बॉस्टनला मारिया फिॲटरोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा म्हाताऱ्या माणसांना, नर्सिंग होममधल्या, आठ आठवडे पायानं जड वजनं उचलायला लावली होती. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. शहाण्णव म्हणतोय मी, आप्पा तर सत्तरीतच आहेत. बीपी, हार्टचं काही असेल तर डॉक्टरांना विचारून, श्वास न कोंडता, पण करायचं.

आणि भरती संपल्यावर काय, हे सिलेक्ट न झालेले विचारतात, कारण पुढची कधी निघेल याचा भरवसा नाही. दमाची कमाई सगळ्यात आधी उतरते, दोन-तीन आठवड्यांतच फरक कळतो. ताकद बरीच टिकते. आणि एकदा कमावलेला स्नायू परत पटकन येतो, नॉर्वेत २०१० मध्ये उंदरांवर दिसलं होतं की वाढताना मिळालेली जास्तीची केंद्रकं स्नायू आटला तरी राहतात, माणसातही तसंच होतं का यावर अजून वाद चालू आहे. पण सगळं सोडून द्यायची गरजच नाही. तरुण माणसाला ताकद काही महिने टिकवायला आठवड्यातून एकदा वजनांचा व्यायाम पुरतो, वयस्कांना दोनदा. सेट कमी केले तरी चालतात, वजन मात्र होतं तेवढंच ठेवायचं.